परीक्षार्थींच्या खुर्चीत पाहुणे

कोरोनाच्या साथीमुळे अमेरिकेतील लोक घराघरांत कोंडले गेले असताना, एप्रिल २०२० मध्ये, एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने आपला एक जुना गाजलेला खेळ पुन्हा लोकांपुढे आणला. ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर’ हे त्याचे नाव. भारतात ‘कौन बनेगा करोडपती’ म्हणून घरोघर ठाऊक झालेला खेळ तो हाच. पंधरा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, शेवटी दहा लाख डॉलर आणि काळजाचा ठोका चुकविणारे संगीत, हे सारे जुनेच होते. सूत्रसंचालक जिमी किमेल नवे होते. पण खरा फरक त्यांच्यात नव्हता. समोरच्या खुर्चीत बसणारी माणसे बदलली होती. तेथे आता नट, विनोदी कलावंत आणि इतर नामवंत मंडळी दिसू लागली, आणि जिंकलेली रक्कम त्यांच्या खिशात न जाता त्यांनी निवडलेल्या धर्मादाय संस्थेला जाऊ लागली.

प्रेक्षकांत या बदलाचे स्वागत झाले आणि त्यावर नाराजीही उमटली. दिवसभर मृतांचे आकडे ऐकून विटलेल्या मनाला हसतमुख, ओळखीचे चेहरे तासभर भेटले आणि चार गरजू संस्थांना पैसे मिळाले, तर त्यात कोणाचे काय बिघडले, असे एका बाजूचे म्हणणे. दुसऱ्या बाजूची तक्रार अशी की, हा तो खेळच नव्हे. यात ताण नाही, धाकधूक नाही, प्रश्नापेक्षा गप्पाच अधिक. या तक्रारीला हेव्याचा वास येतो असे म्हणून ती उडवून लावणे सोपे आहे. प्रसिद्धी, पैसा आणि टाळ्या ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनाच आणखी एक मंच दिला, म्हणून सामान्य माणूस कुरकुरतो, एवढाच तिचा अर्थ लावता येईल. नामवंतांचे सामान्यज्ञान बेताचे असते अशी टवाळीही होते, आणि ती तर खरीही नाही. यांतील काही जणांनी वकिलाला किंवा प्राध्यापकाला शोभेल अशी उत्तरे दिली. तरीही नाराज प्रेक्षकाच्या म्हणण्यात तथ्य आहे. ते पाहण्यासाठी हा खेळ मुळात कशावर उभा होता, हे आठवावे लागते.

इंग्लंडच्या आयटीव्हीवर ४ सप्टेंबर १९९८ रोजी हा खेळ सुरू झाला आणि ऑगस्ट १९९९ मध्ये तो अमेरिकेत गेला. त्या खुर्चीपर्यंत पोचण्याचा मार्ग तेव्हा दूरध्वनीवरून जात असे. ज्याला खेळायचे असेल त्याने दूरध्वनी फिरवावा, यंत्राने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कळा दाबून द्यावीत, त्यातून निवड व्हावी, आणि मग कार्यक्रमाच्या मंचावर आणखी नऊ जणांबरोबर सर्वांत जलद बोट चालविण्याची चढाओढ जिंकावी. इतक्या चाळण्यांतून गेल्यावर खुर्ची मिळे. पुढे, २००२ नंतरच्या अमेरिकी आवृत्तीत, बोटांची ती शर्यत काढून टाकण्यात आली. पण इच्छुकांची चाचणी राहिली. थोडक्यात, ती एक स्पर्धा परीक्षा होती. तिला अभ्यासक्रम नव्हता, वयाची अट फारशी नव्हती आणि शिफारसपत्राचा उपयोग नव्हता.

अमेरिकेतील पहिले दहा लाख डॉलर १९ नोव्हेंबर १९९९ रोजी जॉन कार्पेंटर यांनी जिंकले. हे गृहस्थ सरकारी प्राप्तिकर खात्यात नोकरीला होते. चौदा प्रश्न त्यांनी कोणाचीही मदत न घेता सोडविले. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी वडिलांना दूरध्वनी लावला, आणि उत्तर विचारण्याऐवजी, आपण दहा लाख जिंकणार आहोत एवढेच त्यांना कळविले. मग रिचर्ड निक्सन हे उत्तर सांगून ते मोकळे झाले. कर खात्यातील एक कर्मचारी साऱ्या देशासमोर आपल्या बापाला अशी बातमी देतो, या दृश्यात त्या खेळाची सारी मोहिनी साठवलेली होती. भारतात ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले, आणि त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले कोट्यधीश ठरले, तेव्हा महाराष्ट्रातील कितीतरी घरांत नेमकी हीच भावना होती. नागरी सेवा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण संसदेच्या कामकाजाविषयीच्या प्रश्नाला उत्तर देऊन कोटी रुपये मिळवतो, ही घटना अभ्यासाला बसलेल्या प्रत्येक मुलाला आपलीच वाटली. मंचावर अमिताभ बच्चन होते, हे खरे. पण बच्चन विचारणारे होते आणि नवाथे सांगणारे. खेळाची गंमत या उलट्या मांडणीत होती. ज्याचे नाव सारा देश जाणतो तो प्रश्न घेऊन बसलेला, आणि ज्याला कोणीच ओळखत नाही त्याच्या ओठांकडे सर्वांचे लक्ष.

२०२० च्या अमेरिकी पुनरुज्जीवनाने नेमकी ही मांडणी मोडली. खुर्ची चढाओढीऐवजी निमंत्रणाने मिळू लागली. महाविद्यालयीन प्रवेशाच्या काळात गुणवत्ता यादी आणि व्यवस्थापन कोटा यांतील फरक ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. कोट्यातून आलेला मुलगा हुशार असू शकतो, पुढे तो पहिलाही येऊ शकतो. पण यादीबाहेर राहिलेल्याला त्याच्या हुशारीचे कौतुक करायला सांगणे जड जाते. दुसरा बदल अधिक बोलका आहे. नामवंत खेळाडूला आपल्याबरोबर एक जाणकार सोबती आणण्याची मुभा देण्यात आली. पहिल्या दहा प्रश्नांपर्यंत, म्हणजे बत्तीस हजार डॉलर पदरात पडेपर्यंत, हा सोबती त्याला मदत करू शके. एकेकाळी जो माणूस स्वतःच्या माहितीच्या जोरावर मुख्य खुर्चीत बसला असता, तो आता बाजूला बसून दुसऱ्याला उत्तरे पुरवू लागला. साथीमुळे प्रेक्षकांविना चित्रीकरण झाले आणि प्रेक्षकांचे मत विचारण्याची सोय गेली. तिच्या जागी सूत्रसंचालकालाच विचारण्याची मुभा आली. एका नामवंताने दुसऱ्या नामवंताला उत्तर विचारायचे! योगायोगाने का होईना, सभागृहातील सामान्य माणसाचा त्या खेळातील शेवटचा सहभागही संपला.

पण सर्वांत मोठा बदल पैशाच्या मालकीचा होता, आणि तो वाटतो तितका सरळ नाही. धर्मादाय संस्थेसाठी खेळणे हे पुण्यकर्म आहे. त्यावर टीका करणारा कृपण ठरतो. म्हणूनच या मुद्द्यावर प्रेक्षकांचीही पंचाईत झाली. तक्रार करावी तर आजारी मुलांच्या तोंडचा घास काढल्यासारखे, आणि न करावी तर खेळ बेचव लागतो तो लागतोच.

या प्रश्नाची गाठ २००० सालीच दिसून आली होती. त्या वर्षी याच खेळात नामवंतांचे काही विशेष भाग झाले. विनोदी नट नॉर्म मॅकडॉनल्ड दहा लाखांच्या प्रश्नापर्यंत पोचले. दुर्धर आजाराने ग्रासलेल्या मुलांसाठी पॉल न्यूमन यांनी काढलेल्या शिबिराकरिता ते खेळत होते. तोवर पाच लाख डॉलर हातात आले होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या मनात होते. पण ते चुकले असते तर संस्थेच्या पदरात केवळ बत्तीस हजार पडले असते. सूत्रसंचालक रेजिस फिलबिन त्यांना परोपरीने आवरू लागले, आणि अखेर मॅकडॉनल्ड थांबले. मागाहून कळले की, त्यांच्या मनातले उत्तर बरोबर होते. तो प्रसंग पाहिलेल्यांमध्ये आजही दोन तट आहेत. कोणी म्हणतात, त्यांनी धाडस करायला हवे होते. कोणी म्हणतात, दुसऱ्याच्या ताटातले पाच लाख जुगाराला लावण्याचा त्यांना अधिकारच काय होता?

अडचण इथे आहे. कार्पेंटर यांनी धोका पत्करला तो स्वतःच्या पैशांचा. चूक झाली असती तर तिचा चटका त्यांना एकट्यालाच बसला असता, आणि म्हणून त्यांचे धाडस धाडस होते. दुसऱ्याच्या पैशावर कोणी धाडस दाखविले तर ते शौर्य म्हणवत नाही, आणि थांबला तर तो शहाणपणा असला तरी प्रेक्षकाला त्यात रस वाटत नाही. ट्रस्टच्या पैशांचा विश्वस्त आणि सट्टेबाज अशा दोन भूमिका एकाच माणसाने एकाच वेळी कशा कराव्यात? बहुतेक नामवंत या पेचातून सोपी वाट काढतात. ते हसतात, खिलाडूपणाने चुकतात, संस्थेला मिळेल ती रक्कम देऊन टाळ्यांच्या गजरात उठतात. त्यांचे काही जात नाही. उद्या सकाळी घरभाडे तेवढेच, नोकरी तीच, मुलाची फी तेवढीच, ही जी काळजी सामान्य खेळाडूच्या कपाळावर घामाच्या थेंबांतून दिसे, तिचा येथे पत्ता नसतो. प्रेक्षकाला चुकल्यासारखे वाटते ते हेच.

मात्र याला एक ठळक अपवाद घडला, आणि प्रामाणिकपणे पाहणाऱ्याला तो डावलता येणार नाही. २९ नोव्हेंबर २०२० रोजी दाखविलेल्या भागात डेव्हिड चँग हे नावाजलेले शेफ दहा लाखांच्या प्रश्नाला येऊन ठेपले. ते ज्या संस्थेसाठी खेळत होते ती ‘सदर्न स्मोक’ उपाहारगृहांतील संकटग्रस्त कामगारांना मदत करते. साथीच्या त्या वर्षात स्वयंपाकी, वाढपी, भांडी घासणारे असे असंख्य लोक रस्त्यावर आले होते. म्हणजे त्या पाच लाखांना, आणि त्यांच्या दुपटीलाही, खरी माणसे वाट पाहत होती. प्रश्न असा की, व्हाइट हाउसमध्ये वीज आली तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष कोण, जो आणि ज्याची पत्नी विजेचा झटका बसेल या भीतीने दिव्याच्या बटणाला कधी हात लावत नसत. चँग यांना उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी क्रीडा पत्रकार मिना काइम्स यांना दूरध्वनी लावला. त्यांनाही खात्री नव्हती. त्यांचा कल बेंजामिन हॅरिसन यांच्याकडे होता. चँग यांनी त्या कलावर पाच लाख लावले आणि उत्तर बरोबर निघाले. या खेळाच्या अमेरिकी इतिहासात दहा लाख जिंकणारे ते पहिले नामवंत.

त्या रात्री तक्रार करणारे प्रेक्षकही श्वास रोखून बसले असतील, तर त्याचे कारण चँग प्रसिद्ध होते हे नव्हे. ज्या धंद्यात ते वाढले त्या धंद्यातल्या माणसांचे पोट त्या उत्तरावर टांगलेले होते आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, हे त्याचे कारण. अर्थात, त्यांनी केले ते योग्य केले असे यावरून सिद्ध होत नाही. उत्तर चुकले असते तर आज त्यांना बेजबाबदार म्हटले गेले असते, आणि ते अन्यायाचे ठरले नसते. पण नाट्य कोठून येते हे त्या भागाने दाखवून दिले. ते चेहऱ्याच्या ओळखीतून येत नाही.

दूरचित्रवाणी कंपन्यांना हे समजत नाही असे नाही. त्यांचे गणित वेगळे आहे. अनोळखी माणूस पडद्यावर आला की त्याची ओळख करून द्यावी लागते, तो चाचरतो, कधी कंटाळवाणा निघतो. नामवंत मात्र आपला प्रेक्षक बरोबर घेऊन येतो. अमेरिकेत या आवडीचा एक फार वाईट नमुना १९५६ मध्ये घडून गेला आहे. ‘ट्वेंटी वन’ या प्रश्नमंजूषेत हर्बर्ट स्टेम्पल हा क्वीन्सचा विद्यार्थी जिंकत होता. चालकांनी त्याला उत्तरे आधीच पुरविली होती, त्याला बेढब सूट चढविला होता आणि केस तसे कापायला लावले होते, कारण गरीब, विक्षिप्त विद्वान असे त्याचे सोंग हवे होते. मग त्या सोंगाचा कंटाळा आला, आणि चार्ल्स व्हॅन डोरेन हा देखणा, नामवंत साहित्यिक घराण्यातला, कोलंबिया विद्यापीठात शिकविणारा तरुण पुढे करण्यात आला. स्टेम्पलला हरायला सांगितले गेले. ज्या ‘मार्टी’ या चित्रपटाचे नाव उत्तर म्हणून द्यायचे होते तो त्याने आवडीने अनेकदा पाहिलेला. तरी ठरल्याप्रमाणे त्याने चुकीचे नाव घेतले. नोव्हेंबर १९५९ मध्ये व्हॅन डोरेन यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सारे कबूल केले. २०२० च्या कार्यक्रमात अशी कोणतीही लबाडी नव्हती, आणि दोहोंची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण अनोळखी, ओबडधोबड जाणकारापेक्षा गोमटा चेहरा बरा, ही पसंती तेव्हाही होती आणि पुढेही टिकली.

नामवंत आणि खेळ यांचे मुळातच वाकडे आहे, असेही नव्हे. साठ आणि सत्तरच्या दशकांत अमेरिकेत ‘पासवर्ड’, ‘मॅच गेम’ यांसारख्या खेळांत नट-नट्या सर्रास बसत. पण तेथे ते सामान्य स्पर्धकाचे सहायक असत. त्यांच्या हजरजबाबीपणावर एखाद्या गृहिणीचे किंवा विक्रेत्याचे बक्षीस अवलंबून असे, आणि पैसे तिच्या अथवा त्याच्या घरी जात. म्हणजे प्रसिद्धी कामाला लावलेली होती. नव्या व्यवस्थेत जाणकार सोबती कामाला लागला आणि प्रसिद्धी मुख्य आसनावर बसली.

याहून वेगळे करता आले असते, हे सांगण्यासाठी कल्पना लढविण्याची गरज नाही. इंग्लंडने २०१८ मध्ये हाच खेळ पुन्हा सुरू केला. जेरेमी क्लार्कसन हा बहुचर्चित सूत्रसंचालक त्यांनी आणला, अधूनमधून नामवंतांचे भागही केले. पण नेहमीच्या खुर्चीत माणसे नेहमीचीच ठेवली. परिणाम असा की, चँग यांच्या विजयाच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २०२० मध्ये, डोनाल्ड फिअर या इतिहासाच्या शाळामास्तरांनी दहा लाख पौंड जिंकले. चौदा वर्षांत तेथे असे कोणी जिंकले नव्हते. पंधरा प्रश्नांत त्यांनी केवळ एक मदत घेतली, आणि शेवटचा प्रश्न समुद्री चाच्यांविषयीचा निघाला तेव्हा ब्लॅकबिअर्डचे नाव क्षणाचाही विलंब न लावता सांगितले. आदल्याच वर्षी त्यांच्या भावाने याच खेळात पाच लाख पौंड मिळविले होते. आयुष्यभर फळ्यापुढे उभे राहून सनावळ्या शिकविणाऱ्या माणसाचे एवढे कौतुक दूरचित्रवाणीने क्वचितच केले असेल. साथ इंग्लंडमध्येही होती आणि सभागृह तेथेही रिकामे होते.

भारतातही या बाबतीत एकंदरीत बरे भान राखले गेले. ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये नामवंत येतात, २०२१ मध्ये शुक्रवारचा भाग खास त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आला आणि सुरुवातीलाच वीरेंद्र सेहवाग आणि सौरव गांगुली आले. त्याआधी, २०१८ पासून, शुक्रवारी समाजकार्य करणाऱ्यांना बोलाविले जाई, डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हेमलकशाहून येऊन त्या खुर्चीत बसले. हे पाहुणेच होते, पण पाहुण्यांचा वार ठरलेला होता आणि बाकीचे वार परीक्षार्थींचे राहिले. म्हणूनच २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे यांना तेथवर येता आले. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायची आणि त्यासाठी महिना पंधराशे रुपये घ्यायचे, हे त्यांचे काम. त्यांनी एक कोटी जिंकले. पैशांचे काय करणार, असे विचारले तेव्हा घरात एकच मोबाइल आहे, स्वतःचा एक घ्यावा, अशी इच्छा त्यांनी सांगितली होती. कोणत्याही नटाने कोणत्याही संस्थेसाठी कितीही रक्कम जिंकली, तरी त्या भागाची सर त्याला येणे अवघड आहे. आमटे दांपत्याचा भाग मात्र तितकाच मनात राहिला. कारण त्यांच्या बाबतीत संस्था आणि माणूस वेगळे काढताच येत नाहीत.

अमेरिकेत हा खेळ जुलै २०२४ मध्ये पुन्हा परतला तो नामवंतांच्या जोड्या घेऊन. आता एकाऐवजी दोघे शेजारी बसू लागले, आणि त्या वर्षी नट आइक बॅरिनहोल्ट्झ यांनी वडिलांसह दहा लाख जिंकले. वडिलांना दूरध्वनी लावण्याऐवजी त्यांना शेजारीच बसविण्याची सोय झाली होती. जुलै २०२५ मध्ये नट मॅट डेमन आणि केन जेनिंग्ज या जोडीने तोच पराक्रम केला, आणि रक्कम गरिबांना पाणी पुरविण्यासाठी डेमन यांनी उभारण्यास हातभार लावलेल्या संस्थेला मिळाली. यांतील जेनिंग्ज यांची कथा ध्यानात घेण्याजोगी आहे. ते नट नाहीत. २००४ मध्ये ते सॉल्ट लेक सिटीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी करीत होते. ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजूषेची प्रवेशचाचणी देऊन ते तेथे गेले, सलग चौऱ्याहत्तर वेळा जिंकले आणि पुढे त्याच कार्यक्रमाचे सूत्रसंचालक झाले. आजची त्यांची सारी प्रसिद्धी त्या एका चाचणीच्या दारातून आलेली आहे. त्या शहरातील एखाद्या कचेरीत बसलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमरला २०२५ च्या त्या खुर्चीत बसायचे असते, तर त्याला आधी एखाद्या नटाशी ओळख काढावी लागली असती.